तहानलेल्या रोपाचा जमाखर्च

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव जालना जिल्ह्याच्या नकाशावर फार मोठे नाही; परंतु हिरव्या मिरचीचा व्यापार करणाऱ्याला ते ठाऊक नाही असे सहसा होत नाही. मिरचीच्या हंगामात आसपासच्या खेड्यांतून येथील बाजारात माल येतो, त्याची खरेदी होते आणि गोण्या भरून तो परप्रांतांकडे रवाना होतो. या उलाढालीवर शेतकऱ्याचे घर चालते, तसेच हमालाचे, मालमोटारवाल्याचे, चहाच्या टपरीवाल्याचे आणि तोडणीला जाणाऱ्या मजूर बायकांचेही चालते. उथळ मुळांच्या एका नाजूक झुडपावर हा सारा डोलारा उभा आहे. आणि हे झुडूप बहुधा लावले जाते ते एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरींचा तळ दिसू लागतो नेमके त्याच दिवसांत. प्लॅस्टिकचे आच्छादन अंथरावे, ठिबकच्या नळ्या टाकाव्यात, प्रसंगी टँकरचे पाणी विकत घेऊन रोपे जगवावीत आणि मृगाची वाट पाहावी, असा हा दरसालचा जुगार आहे.

अशा वेळी बियाण्यांच्या दुकानात जाणारा शेतकरी जो प्रश्न विचारतो तो अगदी स्वाभाविक असतो. पाण्याचा ताण सोसणारे वाण आहे काय? या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर क्वचितच मिळते. ताण सोसणे म्हणजे नेमके काय, किती दिवसांचा ताण, पिकाच्या कोणत्या अवस्थेतला आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे उपप्रश्न मात्र विचारले जात नाहीत आणि म्हणून त्यांची उत्तरेही मिळत नाहीत. वस्तुतः गेल्या पाचसहा दशकांत वनस्पतिशास्त्राने या विषयात मोठी मजल मारली आहे. पाणी तुटले की वनस्पती आपल्या पेशींत विशिष्ट प्रथिने तयार करते आणि त्यांच्या बळावर काही काळ तग धरते, हे आता प्रयोगांनी सिद्ध झालेले सत्य आहे. पण याच संशोधनाने दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली आहे, आणि ती जाहिरातींत येत नाही. रोपाने जगणे आणि पिकाने पिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीची किंमत पुष्कळदा दुसरीतून वसूल होते. हा हिशेब समजून घेतल्याशिवाय अवर्षणसहिष्णू बियाण्यांविषयी शेतकऱ्याने वा शासनाने कोणताही निर्णय करणे धोक्याचे आहे.

बोंडांच्या गळीतून लागलेला शोध

जनावराला तहान लागली की ते पाणवठ्याकडे जाते. वनस्पतीला ही सोय नाही. जेथे रुजली तेथेच तिला संकटाशी सामना द्यावा लागतो, आणि म्हणून संकटाची वर्दी वेळेवर मिळणे हा तिच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो. ही वर्दी देणारे द्रव्य सापडले ते कापसात. कापसाची पाती आणि कोवळी बोंडे का गळतात, याचा शोध कॅलिफोर्नियातील फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी घेत होते. १९६३ मध्ये त्यांनी कोवळ्या बोंडांतून गळ घडवून आणणारे एक द्रव्य वेगळे केले. १९६७ मध्ये त्याचे 'ॲब्सिसिक आम्ल' असे नामकरण झाले. पुढील संशोधनात असे दिसून आले, की पातेगळीत इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा हात अधिक असून या आम्लाचे खरे काम पाण्याच्या टंचाईची हाकाटी देण्याचे आहे. मराठवाड्यातील कापूसवाल्याला पातेगळीचे दुःख पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. त्याच दुःखाचा माग काढताना विज्ञानाला वनस्पतीच्या तहानेची भाषा उमगली, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

ॲब्सिसिक आम्ल हे स्वतः प्रथिन नव्हे. ते केवळ निरोप्या आहे. हा निरोप स्वीकारणारी प्रथिने कोणती, हे कोडे २००९ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी सोडवले. निरोप पोहोचताच पहिली आज्ञा सुटते ती पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेण्याची. येथेच जमाखर्चाचा पहिला पेच पडतो. ज्या रंध्रांतून पानातील पाण्याची वाफ बाहेर जाते त्याच रंध्रांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच्यावाचून अन्न तयार होत नाही. एक किलो शुष्क वनस्पतिद्रव्य तयार होताना सामान्य पिकाच्या पानांतून काही शेकडो लिटर पाणी उडून जाते, त्याचे कारण हेच. चोरीच्या भयाने दुकानाचे दार लावून घेतले तर चोर आत येत नाही हे खरे. पण गिऱ्हाईकही येत नाही. रंध्रे मिटून बसलेले रोप पाणी वाचवते आणि त्या काळात आपली वाढ गमावते.

बियांना अवगत असलेली विद्या

दार लावूनही टंचाई हटली नाही, तर दुसरी फळी उभी राहते. तिचा शोधही कापसातच लागला. १९८१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे लिऑन ड्यूर आणि त्यांचे सहकारी कापसाच्या सरकीतील भ्रूणाची वाढ अभ्यासत होते. बी पक्व होऊन वाळू लागण्याच्या सुमारास तीत काही प्रथिने एकाएकी विपुल प्रमाणात तयार होतात, असे त्यांना आढळले. भ्रूणविकासाच्या उत्तरार्धात विपुल आढळणारी प्रथिने, अशा अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'एल.ई.ए.' प्रथिने म्हणतात. त्यांतीलच एका गटाला पुढे १९८९ मध्ये 'डिहायड्रिन' हे नाव मिळाले.

ही प्रथिने स्वभावाने विलक्षण आहेत. अंडे उकळले की त्यातील पांढरा बलक थिजतो, कारण उष्णतेने प्रथिनांची घडी विसकटते आणि ती एकमेकांना चिकटून बसतात. एल.ई.ए. प्रथिने उकळत्या पाण्यातही थिजत नाहीत. त्यांना पाण्याची अतोनात ओढ असते, आणि पेशीत भरपूर पाणी असताना त्यांतील पुष्कळांना ठरावीक आकारच नसतो. पेशी वाळू लागली की मात्र ती आकार धारण करतात, पेशीपटलांना बिलगतात आणि इतर प्रथिनांमध्ये शिरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. दाटीवाटीच्या काचसामानात गवताचा पेंढा कोंबून ठेवावा, तसे त्यांचे काम चालते. काही विशिष्ट शर्करांच्या साहाय्याने ही प्रथिने बीजाच्या पेशींचा सांगाडा शाबूत ठेवतात. म्हणूनच दहा टक्क्यांहूनही कमी ओलावा उरलेले मिरचीचे बी मृत होत नाही. पाण्याचा स्पर्श होताच ते अंकुरते.

जालन्याच्या दृष्टीने या गोष्टीला विशेष अर्थ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. संकरित बियाणे सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या त्यांच्या कामगिरीसाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्या मागोमाग इतर अनेक कंपन्या उभ्या राहून जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र बनले. हा सारा उद्योग, पाकिटात बंद केलेले बी महिनोन् महिने कोरडे राहूनही जिवंत राहते या एका निसर्गदत्त सोयीवर उभा आहे. ती सोय नसती तर बियाण्याचा व्यापारच संभवला नसता.

परंतु बीजाला अवगत असलेली ही विद्या रोपाला तशीच्या तशी लाभत नाही. अंकुर फुटून हिरवे पान बाहेर आले की वनस्पती ती जवळजवळ बाजूला ठेवते. पाण्याचा ताण पडला म्हणजे पानांत आणि मुळांत यांपैकी काही प्रथिने पुन्हा तयार होतात, पण त्यांचा पुरवठा आणि प्रभाव दोन्ही मर्यादित असतात. मिरचीचे बी पूर्ण वाळून जगते; मिरचीचे रोप पूर्ण वाळले की मेलेच. बीज स्वस्थ बसून असते, म्हणून त्याला हे परवडते. वाढणाऱ्या रोपाचा संसार निराळा असतो.

मटकीचे देणे

रोपाच्या भात्यात याखेरीज अन्य प्रथिनेही आहेत. पेशीपटलातून पाण्याची ये-जा करू देणाऱ्या जलवाहिनी प्रथिनांचे अस्तित्व अमेरिकन शास्त्रज्ञ पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास मानवी रक्तपेशींच्या अभ्यासातून सिद्ध केले, आणि त्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वनस्पतींत या प्रथिनांचे अनेक प्रकार आहेत. टंचाईत त्यांपैकी काही दारे मिटतात, तर काही उघडी ठेवली जातात. दुसरा वर्ग आहे तो विषारी ऑक्सिजन-कणांचा नायनाट करणाऱ्या एन्झाइमांचा. रंध्रे मिटली तरी ऊन तळपतच असते. पानात शोषलेल्या त्या उर्जेला अन्ननिर्मितीची वाट मिळाली नाही की तिच्यातून पेशींना जाळणारे कण उत्पन्न होतात. त्यांना आवर घालणे हे या एन्झाइमांचे काम.

तिसऱ्या वर्गाची कथा मराठी माणसाच्या ताटाशी निगडित आहे. टंचाईत अनेक वनस्पती आपल्या पेशींत प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल साठवतात. त्याच्यामुळे पेशीतील पाणी सहजी बाहेर ओढले जात नाही. हे प्रोलीन बनवणाऱ्या कळीच्या एन्झाइमाचे जनुक अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात देशपाल वर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तगत केले, आणि ते घेतले मटकीतून. १९९५ मध्ये याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे पहिले लेखक होते हैदराबादचे कवी किशोर. मटकीचे ते जनुक तंबाखूत घातले असता प्रोलीनचे प्रमाण वाढते आणि रोपे टंचाईत अधिक टिकतात, असे त्यात दाखवले होते. हलक्या रानात, पाऊस ओढ देत असताना कोणी लक्ष न देताही येणारी मटकी ही जगाच्या प्रयोगशाळांना जनुक पुरवणारी ठरली. दरम्यानच्या काळात तिच्या स्वतःच्या लागवडीची मराठवाड्यात काय गत झाली, याचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. सोयाबीन आणि कापूस यांच्या रेट्यात मटकी आणि हुलगा यांच्या वाट्याला कडेचे रान आले.

विम्याचा हप्ता

इतकी प्रथिने उपलब्ध आहेत, तर ती रोपाला कायमचीच भरपूर का देऊ नयेत, असा प्रश्न सहज उद्भवतो. तो शास्त्रज्ञांनाही सुचला होता. जपानमधील काझुओ शिनोझाकी आणि काझुको यामागुची-शिनोझाकी यांच्या गटाने टंचाईशी संबंधित अनेक जनुकांना एकदम जागे करणारे 'ड्रेब' प्रथिन शोधून काढले. एका छोट्या प्रायोगिक वनस्पतीत हे प्रथिन अहोरात्र तयार होईल अशी योजना त्यांनी केली. रोपे अवर्षणाला तोंड देण्यात सरस ठरली. पण पाणी मुबलक असतानाही ती खुरटलेलीच राहिली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की हेच प्रथिन केवळ टंचाईच्या वेळी तयार होईल अशी जोडणी केली तर खुरटेपणा पुष्कळ कमी होतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रयोगाचा अर्थ लावण्यास प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. प्रथिन म्हणजे नत्र आणि ऊर्जा. जे नत्र संरक्षणाकडे वळते ते पानाफुलांना मिळत नाही. कायमची फौज बाळगायची तर तिचा पगार सुकाळातही द्यावा लागतो; होमगार्ड गरजेपुरते बोलावता येतात, परंतु ते वेळेवर पोहोचतीलच याची हमी नसते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये शेतकऱ्यासाठी एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. तो एक रुपयाही खरा हप्ता नव्हताच. उरलेला भार सरकारी तिजोरी उचलत होती. वनस्पतीच्या राज्यात अशी तिजोरी नाही. तेथे विम्याचा प्रत्येक हप्ता रोपाच्या स्वतःच्या वाढीतून कापला जातो.

मिरचीच्या बाबतीत हा हिशेब फारच स्पष्ट दिसतो. ऐन फुलोऱ्यात ताण पडला की मिरची फुले टाकून देते. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे: पोसता येणार नाहीत इतकी लेकरे होऊ न देता स्वतः तगून राहावे आणि पाऊस आला की पुन्हा फुलावे. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते पहिल्या तोड्याचे, म्हणजे बहुधा चांगल्या भावाच्या मालाचे, नुकसान असते. ताणात वाढलेल्या काही वाणांच्या मिरचीत तिखटपणा देणारे कॅप्सेसिन वाढते, असेही प्रयोगांत आढळले आहे. परंतु हिरव्या मिरचीचा भाव प्रामुख्याने तिच्या ताजेपणावर, रंगावर आणि त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो. झाडाने सोसलेल्या तहानेची नोंद व्यापाऱ्याच्या पट्टीवर होत नाही.

जगण्याच्या कलेत निपुण असलेल्या वनस्पती महाराष्ट्राच्या सह्याद्रीतच आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम घाटातील ६२ वनस्पती अशा नोंदवल्या, की ज्या जवळजवळ पूर्ण वाळूनही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होतात. त्यापूर्वी भारतात अशा फक्त ९ जाती ज्ञात होत्या. कातळसड्यांवर आणि खडकांवर त्या वाढतात. त्यांच्या अभ्यासातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु त्या कोणाच्या कोठारात दाणा टाकत नाहीत, हेही विसरता कामा नये. निसर्गाने त्यांना बक्षीस दिले ते टिकण्याबद्दल; शेतकऱ्याला बक्षीस मिळते ते उत्पन्नाबद्दल.

बोंडअळी आणि अवर्षण

सव्वीस मार्च २००२ रोजी भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हापासून, एक जनुक घातले की एक संकट टळते, अशी समजूत शेतकऱ्यांत आणि धोरणकर्त्यांतही रूढ झाली. बोंडअळीच्या बाबतीत प्रारंभी ती बऱ्याच अंशी खरीही ठरली, कारण तेथे शत्रू एक होता आणि त्याच्या आतड्यावर आघात करणारे एक जीवाणूजन्य प्रथिन पुरेसे होते. तरीही गुलाबी बोंडअळीने त्याला प्रतिकार करण्याचे तंत्र आत्मसात केले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रातील कापसाची काय दैना झाली, ते सर्वांनी पाहिले आहे.

अवर्षण हा तर शत्रूच नव्हे. ती एक परिस्थिती आहे, आणि तिची रूपे अनेक आहेत. मृगात पेरणी व्हावी आणि त्यानंतर तीन आठवडे पावसाने डोळे वटारावेत, हे एक अवर्षण. पीक फुलोऱ्यात असताना पडलेला खंड हे दुसरे. परतीचा पाऊस न आल्याने दाणा भरताना पडणारा ताण हे तिसरे. पहिल्यात उपयोगी पडणारा गुण तिसऱ्यात निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरू शकतो. अमेरिकेत २०११ च्या डिसेंबरात जीवाणूच्या एका प्रथिनाचे जनुक घातलेला अवर्षणसहिष्णू मका मोकळा करण्यात आला. त्या वेळी तेथील कृषी खात्याच्याच मूल्यमापनात असे नमूद होते, की पारंपरिक पैदाशीतून निघालेले तुल्यबळ वाण उपलब्ध आहेत. इतक्या खर्चाच्या तंत्राचा निकाल आणि निवडीने केलेल्या पैदाशीचा निकाल यांत फार अंतर नसावे, हे विचार करण्यासारखे आहे.

म्हणून नवे संशोधन टाकाऊ आहे असे मात्र नव्हे. चार मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राइस १' या वाणात कोणतेही परके प्रथिन घातलेले नाही. उलट, अवर्षण आणि क्षार यांच्याशी झुंजण्याच्या रोपाच्या शक्तीला लगाम घालणारे त्याचेच एक प्रथिन निष्प्रभ केले आहे. सार्वजनिक संस्थेत झालेले हे काम अभिनंदनीय आहे. पण तो भात आहे आणि प्रश्न भोकरदनच्या मिरचीचा आहे. शिवाय प्रयोगशाळेच्या कुंडीतील आठ दिवसांची टंचाई आणि जालन्याच्या मुरमाड रानातील महिनाभराची ओढ यांतील अंतर प्रत्यक्ष शेतावरील अनेक हंगामांच्या चाचण्यांनीच मोजावे लागते.

या चाचण्यांचे महत्त्व ओळखणारी परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण आजही रब्बी ज्वारीचा मानदंड समजले जाते. काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, थंडीच्या दंवात, ते दाणा आणि कडबा दोन्ही देते. त्याच्या निवडीच्या वेळी डिहायड्रिन हा शब्दही जन्माला आला नव्हता. निवड करणाऱ्यांनी झाड जगले का एवढेच पाहिले नाही. कणसात काय भरले आणि गोठ्यात काय पडले, तेही पाहिले.

मागणी कशाची करावी

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली म्हणजे, ताण सोसण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्यावर त्या दाव्याचा तपशील देण्याचे बंधन असले पाहिजे. १९६६ च्या बियाणे कायद्याने भर दिला तो उगवणक्षमता आणि शुद्धता यांच्या किमान प्रमाणावर. २००४ मध्ये नवे विधेयक संसदेत आले, २०२५ मध्ये पुन्हा नवा मसुदा चर्चेला आला. या चर्चेत किमती, परवाने आणि दंड यांच्याबरोबर हाही मुद्दा यावयास हवा, की ताण कोणत्या अवस्थेतला, किती दिवसांचा, त्या ताणात उत्पन्न किती घटले आणि चांगल्या पावसाच्या वर्षी ते इतर वाणांच्या तुलनेत किती आले, हे चारही आकडे विक्रेत्याने सांगितले पाहिजेत. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. कारण विम्याचा हप्ता तेथेच दडलेला असतो.

दुसरी गोष्ट सार्वजनिक संशोधनाची. १९७२ मध्ये स्थापन झालेले परभणीचे कृषी विद्यापीठ आणि २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगाव येथे स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, अशा दोन संस्था राज्यात याच कामासाठी आहेत. खासगी कंपनी आपले भांडवल ज्या पिकाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते त्याच्याकडे वळवणार, यात तिला दोष देण्यासारखे काही नाही. ज्याचे बी शेतकरी घरच्या कणगीत राखू शकतो त्या ज्वारी, मटकी, हुलग्यात तिला नफा नाही. जेथे नफा नाही पण समाजाचे हित आहे, तेथे सरकारने पुढे व्हावे, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा आहे. संकरित मिरचीच्या वाणांची तौलनिक चाचणी भोकरदनच्या रानात, तेथील विहिरीच्या पाण्यावर, तटस्थ संस्थेने घ्यावी आणि तिचे निष्कर्ष लागवडीपूर्वी मराठीत जाहीर करावेत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जुनी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. रोपाची प्रथिने काही दिवसांची मुदत मिळवून देतात. त्या मुदतीत पाणी आले नाही तर ती व्यर्थ ठरते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. पंधरा-पंधरा वर्षे पोसलेली झाडे शेतकऱ्यांना तोडावी लागली. त्या झाडांत डिहायड्रिन नव्हते काय? प्रोलीन साठत नव्हते काय? सारे होते. निसर्गाने दिलेली प्रत्येक तरतूद त्या झाडांनी वापरली, पाने टाकली, फळे टाकली आणि अखेर ती गेली. कारण मुळांखाली काहीच उरले नव्हते. त्याच जिल्ह्यातील कडवंची या गावाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृषी विज्ञान केंद्राच्या साहाय्याने पाणलोटाची कामे केली, बांध घातले, पाणी अडवले आणि पुढे शेततळ्यांच्या आधारावर द्राक्षबागा उभ्या केल्या. शेततळे पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीच्या उपशाने भरले तर एकाची सोय शेजाऱ्याची तहान बनते, हा धोका ओळखूनही कडवंचीचा धडा मोलाचा आहे. जमिनीत अडवलेले आणि सेंद्रिय द्रव्याने धरून ठेवलेले पाणी रोपाला आठवडेच्या आठवडे साथ देते. ते काम कोणतेही जनुक करू शकत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी योजना दिली. माणसाला तगवण्याची जबाबदारी समाजाची आहे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले आणि १९७७ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले. आता बियाण्याच्या पाकिटातच दुष्काळाचे उत्तर भरून देण्याचे आश्वासन ऐकू येऊ लागले आहे. ते मोहक आहे, कारण त्यात बांध घालण्याचे कष्ट नाहीत, पाण्याच्या वाटपाचे भांडण नाही, आणि पीक गेलेच तर दोष वाणाच्या निवडीवर, म्हणजे पर्यायाने शेतकऱ्यावरच, ढकलता येतो. समाजाने उचलावयाची जबाबदारी अशा रीतीने एका रोपाच्या पेशींवर सोपवली जाते.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात येत्या उन्हाळ्यातही मिरचीची रोपे लागतील. दुपारच्या उन्हात ती माना टाकतील, रंध्रे मिटून घेतील आणि डोळ्यांना न दिसणारी आपली प्रथिने घडवत सायंकाळपर्यंत तग धरतील. रोप आपले काम चोख करते, यात शंका नाही. त्याने मिळवून दिलेल्या त्या चार-आठ दिवसांच्या अवधीत पाणी पोहोचवण्याचे काम मात्र त्याचे नाही, आणि ते ज्यांचे आहे त्यांनी बियाण्याच्या पाकिटाकडे बोट दाखवून सुटका करून घेता कामा नये.